विश्लेषण : दुधाविना कॉफीवर फेस का टिकत नाही? सोया, ओट, बदामाचे पाकीट निवडताना काय पाहावे?

डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितले म्हणून ३०० रुपये मोजून बदामाच्या पेयाचे पाकीट आणले. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या घुसळणीने ते फेसले, कॉफीवर ओतले आणि मोबाइल हातात घेईपर्यंत फेस बसला. वर पाणी, तळाशी दह्याच्या कवड्यांसारखे कण. पाकीट फ्रीजच्या दारात आठवडाभर उभे राहिले आणि शेवटी मोरीत गेले. हा अनुभव अनेक घरांत आला असेल. पाकीट खराब नव्हते आणि करणाऱ्याचा हातही चुकला नव्हता. फेसासाठी जे लागते तेच त्या पाकिटात नव्हते. ते काय असते आणि विकत घेण्यापूर्वी कसे ओळखायचे, याविषयी...

दूध नेमके कशासाठी बंद केले?

हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर खर्च ठरतो. दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब होणे असा त्रास असेल, तर अनेकदा कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्णपणे पचत नाही आणि भारतात हे प्रमाण कमी नाही. डॉक्टरांनी कारण हेच सांगितले असेल, तर वनस्पतिजन्य पेयाकडे वळण्याआधी लॅक्टोजमुक्त दूध घेऊन पाहावे. त्यात लॅक्टेज हे विकर घालून लॅक्टोजचे आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये विघटन केलेले असते. त्यामुळे ते किंचित गोड लागते. पण प्रथिने जशीच्या तशी राहतात आणि फेस नेहमीच्या दुधासारखाच येतो. अशा घरात सगळा प्रश्न इथेच सुटतो.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, तर मात्र लॅक्टोजमुक्त दूध अजिबात चालत नाही. प्राणिजन्य पदार्थ न खाण्याचे ठरवलेल्यांनाही नाही. पुढचे विवेचन मुख्यत: या दोघांसाठी आणि ज्यांना चव म्हणून ओट किंवा सोया आवडते त्यांच्यासाठी आहे.

फेस होतो तरी कशाने?

फेस म्हणजे द्रवात अडकलेली हवा. नुसत्या पाण्यात हवा घुसळली, तर बुडबुडे क्षणात फुटतात. दुधात ते टिकतात, कारण प्रथिनांचे रेणू प्रत्येक बुडबुड्याभोवती जाऊन पातळ, लवचीक वेष्टन तयार करतात. गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिने असतात. त्यातली सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के मट्ठ्यातली प्रथिने, ज्यांना व्हे म्हणतात. ही जोडी फेसासाठी जणू मापून बनवलेली आहे. केसिन हवेच्या कडेला चटकन पोहोचते, तर व्हे गरम झाल्यावर उलगडून वेष्टनाला बळकटी देते.

वनस्पतींमधली प्रथिने वेगळ्या घडणीची असतात. काही पाण्यात नीट विरघळत नाहीत, काही गाळताना चोथ्यातच राहतात आणि बदामासारख्या पेयात ती मुळातच फार थोडी असतात.

दुसरा घटक म्हणजे स्निग्धांश. तो फेसाला मऊपणा आणि जिभेवरचा भरीवपणा देतो, पण नीट मिसळलेला असेल तरच. तेल मोकळे तरंगत असेल, तर तेच बुडबुडे फोडते. उकळत्या आमटीचा फेस तेलाच्या एका थेंबाने खाली बसतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिले आहे. घरी काढलेल्या बदामाच्या किंवा नारळाच्या दुधाचा फेस टिकत नाही, त्याचे हे एक कारण.

तिसरी गोष्ट दाटपणा. द्रव थोडा दाट असला की बुडबुड्यांमधले पाणी सावकाश खाली झिरपते आणि फेस जास्त वेळ उभा राहतो. गेलन गम, ग्वार गम वगैरे पदार्थ पाकिटात त्यासाठी आणि कण तळाशी बसू नयेत म्हणून घातलेले असतात. ग्वार म्हणजे आपल्या गवारीच्याच बियांचा डिंक. नाव पाहून घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

मग कॉफीत ते फाटते का?

फेस न येणे आणि फाटणे या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. कॉफी आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, त्यातही हलक्या भाजलेल्या बियांची कॉफी अधिक आंबट. सोयाची प्रथिने पीएच साडेचारकडे सरकला की एकमेकांना चिकटू लागतात. उष्णता आणि कॅल्शियम यांची साथ मिळाली तर त्याआधीच. टोफू असाच बनतो. गरम सोया दुधात कॅल्शियमचा क्षार किंवा आम्ल घालायचे आणि गोठलेला भाग दाबून घ्यायचा. म्हणजे कपात फाटलेले सोया हा एका अर्थाने नको तिथे झालेला टोफूच. प्यायला अपाय नाही, पण पाहवत नाही.

गाईच्या दुधात फॉस्फेट आणि सायट्रेट हे क्षार निसर्गत: असतात. ते कॉफीतले आम्ल बऱ्यापैकी झेलतात. वनस्पतिजन्य पेयात तेच काम करण्यासाठी डायपोटॅशियम फॉस्फेट घालतात. पाकिटावर ते ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ किंवा ‘स्टॅबिलायझर’ या शब्दांपुढे ‘आयएनएस ३४०’ अशा क्रमांकाने दिलेले असते. घटकांच्या यादीतला हा बारीक अक्षरातला आकडाच कॉफीत ते पेय तग धरेल की नाही, याचा सर्वात भरवशाचा इशारा आहे.

पाकिटावर नेमके काय वाचायचे?

समोर मोठ्या अक्षरात ‘बरिस्ता’ लिहिलेले असते. तो कंपनीचा दावा झाला. त्यामागचा पुरावा पाकिटाच्या पाठीवर शोधायचा.

सर्वात आधी पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० मिलिलिटरमागे प्रथिने किती ते पाहावे. तीन ग्रॅम किंवा अधिक असतील, तर फेसाची आशा चांगली. एक ग्रॅमच्या आसपास असतील, तर ती एकटी पुरेशी नाहीत. सोबत तेल आणि आयएनएस ३४० आहे का, ते पाहायचे. अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतील, तर ते पेय खिरीत घाला, ओट्स भिजवा, पण कॉफीवर फेस मिळेल म्हणून पैसे घालवू नका.

मग स्निग्धांश. दोन-तीन टक्के असतील तर तोंडाला भरीव लागते. चरबी अगदीच कमी असलेले ‘लाइट’ प्रकार पातळ फेस देतात.

घटक नेहमी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाण्यानंतर दुसऱ्या जागी साखर आणि मग ओट किंवा बदाम असेल, तर आपण काय विकत घेत आहोत हे वेगळे सांगायला नको. बदामाच्या अनेक पाकिटांवर बदामाचे प्रमाण एक आकडी टक्क्यांत असते, तेही नजरेखालून घालावे. कॅल्शियम घातलेले असेल, तर ते तळाशी बसते. म्हणून पाकीट दर वेळी जोरात हलवून घ्यायचे. न हलवता ओतले, तर पहिल्या कपात पाणी आणि शेवटच्या कपात खडू अशी गत होते.

ओटच्या बाबतीत ‘नो ॲडेड शुगर’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये. ओटमधल्या पिष्टाचे कारखान्यात विकरांनी विघटन करतात आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. ती वरून घातलेली नसते, पण असते. मधुमेह असलेल्यांनी ‘टोटल शुगर्स’ आणि एकूण कर्बोदके हे दोन्ही आकडे पाहावेत. त्यांच्यासाठी बिनसाखरेचे सोया सहसा बरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र फॉस्फेट आणि पोटॅशियम जपून घ्यायला सांगितलेले असते. आयएनएस ३४० मध्ये ही दोन्ही असतात, त्यामुळे रोजच्या वापराआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

पाकिटावर ‘दूध’ हा शब्द का नसतो?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘मिल्क’सारखे दुग्धजन्य शब्द प्राणिजन्य दुधाच्या पदार्थांसाठी राखीव आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना असे शब्द वापरणारी वनस्पतिजन्य पेये यादीतून काढण्यास सांगितले होते. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये याच आशयाचा निकाल दिला होता. रूढ नाव म्हणून नारळाच्या दुधाला दोन्हीकडे सवलत आहे. म्हणून ॲपवर शोधताना ‘ओट ड्रिंक’, ‘सोया बेव्हरेज’ असे शब्द टाकावेत.

इथे घोटाळा होतो तो वेगळ्याच दोन पदार्थांचा. ‘डेअरी व्हाइटनर’ ही दुधाचीच भुकटी असते. ‘नॉन-डेअरी क्रीमर’ असे नाव असलेल्या भुकटीतही अनेकदा सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचेच प्रथिन असते. दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते धोक्याचे ठरू शकते. शाकाहाराचा हिरवा ठिपकाही उपयोगाचा नाही, कारण दूध शाकाहारातच मोडते. घटक आणि ॲलर्जीची सूचना वाचणे हाच उपाय.

सोया घ्यावे की ओट?

घरच्या कॉफीसाठी खरी निवड या दोघांतच आहे.

सोयामध्ये प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास, तीन टक्क्यांच्या आसपास असतात. त्यामुळे ‘बरिस्ता’ न लिहिलेले साधे, बिनसाखरेचे सोयाही चांगला फेस देते. तो घट्ट, पांढरा, थोडा ताठर असतो. कॅपुचिनोवर उभा राहतो, लाटेवर नक्षी काढायला मात्र जरा जड जातो. स्टारबक्सने १९९७ मध्ये अमेरिकेत दुधाला पहिला पर्याय दिला तो सोयाचाच. बदाम आणि ओट तिथे बरेच नंतर आले.

सोयाच्या दोन अडचणी. एक, त्याचा कच्च्या शेंगेसारखा वास, जो काहींना सहन होत नाही. दोन, फाटण्याची प्रवृत्ती. दुसरीवर उपाय कॉफीच्या डब्यातच आहे. हलक्या भाजलेल्या अरेबिकाऐवजी गडद भाजलेली, रोबस्टा मिसळलेली किंवा चिकोरी असलेली पूड घेतली, तर आंबटपणा उतरतो आणि सोया तग धरते. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा मोठा आहे आणि दक्षिणी पद्धतीच्या फिल्टर कॉफीत बऱ्याचदा चिकोरी असते. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत मिळते तशी कडक, गडद कॉफी घरी करणाऱ्यांना सोयाचा त्रास कमी होतो. महागड्या, फळांच्या चवीच्या कॉफीवर हौसेने खर्च करणाऱ्यांनाच तो जास्त होतो.

ओटची गोष्ट उलटी. प्रथिने जेमतेम एक टक्का, तरी आज जगभरच्या कॉफी दुकानांत त्याचाच बोलबाला. १९९० च्या दशकात स्वीडनमधील लुंड विद्यापीठातले अन्नशास्त्रज्ञ रिकार्ड ओस्टे यांनी ओटमधले पिष्ट विकरांनी विघटित करून पिता येईल असे पेय बनवण्याची पद्धत विकसित केली आणि त्यातून ‘ओटली’ ही कंपनी उभी राहिली. २०१६ मध्ये अमेरिकेत शिरताना या कंपनीने मोठ्या दुकानांऐवजी आधी कॉफी दुकाने गाठली. कॉफी बनवणाऱ्यांनाच ते आवडले आणि २०१८ मध्ये तिथे ओट पेयाचा तुटवडा पडण्यापर्यंत मजल गेली.

प्रथिने कमी असूनही ते चालते, कारण प्रथिनांची उणीव इतर घटक भरून काढतात. बारीक मिसळलेले तेल मऊपणा देते, ओटमधले बीटा-ग्लुकन हे तंतू दाटपणा देतात, फॉस्फेट कॉफीचे आम्ल झेलते आणि माल्टोजचा हलका गोडवा कॉफीशी जुळतो. फेस सोयाइतका उंच होत नाही, पण रेशमी आणि ओतता येईल असा असतो. मात्र हे सगळे ‘बरिस्ता’ प्रकाराबद्दल. साध्या ओट पेयात पुरेसे तेल आणि आयएनएस ३४० असेलच असे नाही आणि ते नसेल तर फेस साबणाच्या पाण्यासारखा येऊन जातो. म्हणजे सोया साधे घेतले तरी चालते, ओट मात्र कॉफीसाठी बनवलेलेच घ्यावे लागते.

घरी ओट्स भिजवून, वाटून, गाळून पाहण्याचा मोह होतो. थंड पिण्यापुरते ते ठीक. गरम केले की त्यातले पिष्ट फुलते आणि कपात कॉफीऐवजी कॉफीची पेज तयार होते. कारखान्यातले विकर घरात नसते, इतकेच त्याचे कारण.

बदाम, काजू, नारळ, तांदूळ?

बदामाचा वास कॉफीशी छान जमतो, फेस मात्र बेताचाच. मोठे बुडबुडे येतात, लवकर बसतात आणि जास्त तापवले तर पाणी वेगळे होते. बदामच हवे असेल, तर बरिस्ता प्रकार घ्यावा, कमी तापवावा किंवा थंड कॉफीत वापरावा.

काजू मऊ आणि गोडसर. गाळावे लागत नाही, चोथा उरत नाही. पण काजूत पिष्ट असते. काजूची ग्रेव्ही गॅसवर घट्ट होते तसेच हेही होते. फेसाऐवजी साय घातल्यासारखा दाटपणा हवा असेल, तर कोकणातला काजू कॉफीत वाईट लागत नाही.

नारळाचे दूध आमटीसाठी ज्या डब्यात किंवा पाकिटात मिळते ते कॉफीसाठी नव्हे. त्यात चरबी फार, प्रथिने थोडी. ते उकळले की फुटते, हे सोलकढी करणाऱ्या हातांना वेगळे सांगायला नको. तांदळाचे पेय पातळ आणि गोड असते; त्याला फेस येत नाही.

वाटाण्याच्या प्रथिनांपासून केलेली किंवा ती मिसळलेली पेयेही आता मिळतात. प्रथिने भरपूर असल्याने फेस उत्तम येतो. चव प्रत्येकाला रुचेल असे नाही.

घरी फेसायचे कसे?

यंत्र नसले तरी चालते. गॅसवर तापवलेले सोया उभ्या भांड्यात लाकडी रवीने घुसळले, तर कॅपुचिनो होत नाही, पण फेस नक्की येतो. बॅटरीची घुसळणी काही शे रुपयांना मिळते आणि बहुतेक घरांना तेवढी पुरते.

तापमान हा कळीचा मुद्दा. गाईचे दूध ६५ अंशांपर्यंत निभावते. वनस्पतिजन्य पेये ५५ ते ६० अंशांवर थांबवावीत. त्यापुढे बदाम वेगळे होते, सोया फाटायला टपून असते आणि ओटचा फेस सैल पडतो. थर्मामीटर नसेल, तर स्टीलच्या भांड्याला बाहेरून हात लावत राहावे. हात ठेवणे अवघड वाटू लागले की गॅस बंद. वाफ निघेल, पण कडेला बुडबुडे दिसता कामा नयेत. आपल्याकडे दूध म्हटले की उकळी आणायची सवय अंगवळणी पडलेली आहे. यूएचटी पाकिटातले पेय निर्जंतुक केलेलेच असते, त्याला ती गरज नाही. घरातल्या मोठ्यांना हे पटवणे कदाचित सर्वात कठीण काम ठरेल.

बॅटरीच्या घुसळणीसाठी १५० मिलिलिटर पेय आधी गरम करावे. उभ्या ग्लासात ते निम्म्याहून कमी भरावे. घुसळणीचे टोक पृष्ठभागालगत धरून दहा-पंधरा सेकंद हवा घ्यावी, मग तळाशी नेऊन तेवढाच वेळ फिरवावे. पहिला टप्पा हवा भरतो, दुसरा मोठे बुडबुडे बारीक करतो. दुसरा टप्पा टाळल्यामुळेच बहुतेक वेळा फेस साबणासारखा होतो. मग ग्लास ओट्यावर हलकेच आपटावा आणि गोल फिरवून लगेच ओतावे. गाईच्या दुधाचा फेस थोडी वाट पाहतो, हा पाहत नाही.

फ्रेंच प्रेस असेल, तर गरम पेय एक तृतीयांश भरून दट्ट्या पंधरा-वीस वेळा वर-खाली करावा. हा फेस बॅटरीच्या घुसळणीपेक्षा बारीक येतो. वाफेच्या नळीचे यंत्र असणाऱ्यांनी पेय फ्रीजमधून थेट थंडगार घ्यावे आणि हवा पहिल्या काही सेकंदांतच भरून घ्यावी; उरलेला वेळ नुसते भोवऱ्यासारखे फिरवायचे. झाकण लावलेल्या बरणीत गरम पेय हलवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर फिरते. ती करू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडून हात भाजू शकतो. हलवायचे असेल तर थंड असताना हलवावे आणि मग झाकण काढून गरम करावे.

फाटू नये म्हणून आणखी दोन गोष्टी. कॉफी गाळल्यावर मिनिटभर थांबावे, उकळती ओतू नये. आणि कपात आधी गरम पेय घालून त्यावर कॉफी बारीक धारेने सोडावी. आम्ल एकदम अंगावर न येता हळूहळू मिसळते.

महिन्याचा हिशेब काय?

पिशवीतले गाईचे दूध लिटरला साधारण ६०-७० रुपये, तर ओट किंवा बदामाचे बरे पेय अडीचशेपासून चारशेपर्यंत. ३०० रुपये धरले, तर १५० मिलिलिटरच्या एका कपामागे ४५ रुपये झाले. दुधाच्या कपामागे दहा. रोज एक कप म्हणजे महिन्याला १३५० रुपये विरुद्ध ३००. दोघे पिणारे असतील तर दुप्पट.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत वनस्पतिजन्य पेयांवरील कर १८ टक्क्यांवरून आणि सोया पेयांवरील १२ टक्क्यांवरून पाच टक्के झाला. त्याच वेळी यूएचटी दुधावरचा कर शून्यावर आला. म्हणजे दरी थोडी कमी झाली, मिटली नाही.

फोडलेले पाकीट फ्रीजमध्ये साधारण पाच ते सात दिवस टिकते. नेमका आकडा पाकिटावर असतो. रोज एकच कप पिणाऱ्याचे लिटरभर जेमतेम त्यात संपते. कधीमधी पिणाऱ्याने २०० मिलिलिटरचे छोटे पाकीट घ्यावे, लिटरमागे महाग पडले तरी. उरलेले फ्रीझरमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. वितळल्यावर ते फुटल्यासारखे होते आणि त्याला फेस येत नाही.

घरी सोया दूध काढणे परवडते का?

पैशांच्या दृष्टीने याच्या जवळपासही दुसरे काही नाही. लिटरभर दुधाला साधारण १२५ ग्रॅम सोयाबीन लागते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे. त्या भावाने लिटरभर दुधातल्या सोयाबीनची किंमत सात रुपयेही होत नाही. किराणा दुकानात दुप्पट भावाने घेतले तरी पंधराच्या आत. मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र हे देशातले सोयाबीनचे सर्वात मोठे उत्पादक राज्य. लातूरच्या बाजारात त्याचे ढीग लागतात, पण आपल्या स्वयंपाकघरात ते तेलाच्या पिशवीतून आणि वड्यांच्या रूपानेच शिरते.

सोयाबीन रात्रभर भिजवावे, सकाळी चोळून साले काढावीत आणि भिजवलेले पाणी टाकून द्यावे. कच्चा वास येतो तो लिपॉक्सिजनेज या विकरामुळे. दाणे गार पाण्यात वाटले की ते कामाला लागते. म्हणून भिजलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत आणि गरम पाण्यासहच वाटावेत. मिक्सरचे भांडे अर्धेच भरावे आणि झाकणावर फडका धरावा. पंचातून गाळून ते दूध मोठ्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटे ढवळत उकळावे. पहिल्यांदा ते भसकन वर येते. तो नुसता फेस असतो, उकळी नव्हे. तिथे गॅस बंद करू नये, आच कमी करून पुढे चालू ठेवावे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारा ट्रिप्सिन रोधक असतो, तो या उकळण्यानेच निकामी होतो. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेने ‘एनआरसी १२७’ हा कुनिट्झ ट्रिप्सिन रोधक नसलेला वाण विकसित केला आहे. साध्या किराणा सोयाबीनला मात्र उकळण्यावाचून पर्याय नाही.

या दुधाला फेस विकतच्या बिनसाखरेच्या सोयाइतका येतो. आयएनएस ३४० नसल्याने फाटण्याची भीती अधिक. त्यावर कपभर दुधात खाण्याचा सोडा अगदी कणभर, चिमटीच्याही चौथ्या हिश्श्याइतका घालता येतो. त्यापेक्षा जास्त झाला तर साबणाची चव येते. हे दूध फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. त्यात वरून घातलेले कॅल्शियम, बी-१२ काही नसते. दूध पूर्ण बंद असलेल्यांनी ते दुसरीकडून मिळते का, हे पाहावे; आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी यातले काहीही देऊ नये.

गाळल्यावर पंचात उरतो तो चोथा ओला असताना थालिपिठाच्या पिठात मळता येतो. त्यात दूध काढूनही बरीच प्रथिने आणि तंतू शिल्लक असतात. तो कच्चाच असतो, म्हणून थालिपीठ झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी नीट शिजवावे.